पाच ओळींची जागा

४ फेब्रुवारी
आज पुन्हा! टावर चौकात केळी घेताना. धडधड, हात गार, वाटलं आता गेलोच. ठेलेवाल्याने स्टुलावर बसवलं — "बाबूजी, पानी पियो." आल्हाद येऊन दवाखान्यात घेऊन गेला. ईसीजी नॉर्मल. हा तिसरा.

५ फेब्रुवारी
आल्हाद, पोटचा मुलगा, मला मनाच्या डॉक्टरकडे नेतो, हेही बघायचं होतं. मृण्मयी नाव, माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलींएवढी. "काका, हार्ट ठीक आहे. हे पॅनिक अटॅक. त्याच्या आधी काय वाटलं?"
छाती दुखली, म्हटलं.
"ते शरीराचं झालं. मनात?"
मनात काही नव्हतं.
वही दिली. रोज पाच ओळी लिहा म्हणे. हसूच आलं. छत्तीस वर्षं पोरांना हाच प्रश्न घातला — कवीच्या मनातील भावना पाच ओळींत लिहा. उत्तरही मीच फळ्यावर द्यायचो. पाठ करा, मार्क पक्के.

८ फेब्रुवारी
लिहिलं: नाडी ११०. डॉक्टर म्हणाली, "हे तर नर्ससुद्धा लिहील, काका."

११ फेब्रुवारी
चारचा चहा. याच वेळी सुलू मेथी निवडायची आणि मी जुन्या पाठ्यपुस्तकातली कविता वाचायचो, चालीवर, वर्गात म्हणायचो तशी. मध्येच ती म्हणायची, "सर, घंटा झाली." काय ते दिवस.
आज पुस्तक उघडलं. दुसऱ्या कडव्याशी हात गार पडले. मिटवून ठेवलं.
सुलूला जाऊन वर्ष होईल. बायको गेली, तरी मी रडलो नाही. सगळे म्हणतात, सर फार खंबीर.

१५ फेब्रुवारी
वीसला वर्षश्राद्ध, राम घाटावर. आल्हाद म्हणतो, "बाबा, तुम्ही घरीच रहा. तिथे पायऱ्यांवर काही झालं तर?"
"पिंड तू दे. मी तिथे असणार."
मग न्हाणीघरात नळ सोडून श्वास मोजत बसलो.

२० फेब्रुवारी
गेलो. सगळं नीट चाललं होतं. शेवटी गुरुजी म्हणाले, "सर, नमस्कार करा. ताईंना काही सांगायचं असेल तर मनात सांगा."
पुन्हा तोच प्रश्न. पायरीवरच बसलो. आल्हाद पाठ चोळत विचारत होता, "बाबा, घाबरल्यासारखं होतंय का?"
हेच शब्द. अगदी हेच.

२१ फेब्रुवारी
पाच ओळींची जागा आहे. दोन पुरल्या.
त्या दिवशी चार वाजता सुलू म्हणाली होती, "अहो, घाबरल्यासारखं होतंय."
मी म्हणालो, "थांब, एवढं कडवं होऊ दे."