ताईचे चौदा फोटो

प्रिय ठमे,

तू तुझा जुना कॅमेरा मला देऊन नोकरीच्या गावी गेलीस, त्याला वर्ष होईल. मी काढलेला प्रत्येक फोटो तुला मोबाइलवर पाठवायचो आणि तू दर वेळी 'वा मामा, मस्त!' म्हणायचीस. ते वाचून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. मग आपल्या वाचनालयात दर शनिवारी फोटो शिकवायचा वर्ग सुरू झाला. म्हटलं, चार परक्या माणसांकडूनही वाहवा ऐकावी.

शिकवणारे मास्तर तीस वर्षं वर्तमानपत्रात फोटोग्राफर होते. जिभेला हाड म्हणून नाही. माझे निवडक बारा फोटो त्यांनी टेबलावर मांडायला लावले आणि एकेक उचलून पालथा घातला. सूर्यास्ताला म्हणाले, 'हा कालही झाला होता.' पुलाच्या फोटोला म्हणाले, 'वाकडा कोण, पूल की तुम्ही?' बागेतल्या आजोबांच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलाय, हे तर मला तोवर दिसलंच नव्हतं. शेवटी विचारलं, 'सगळं लांबून काढलंय. माणसांना भिता का?' टपाल खात्यात पस्तीस वर्षं काढली, पण इतका पाणउतारा साहेबानेही केला नव्हता. घरी येऊन कॅमेरा कपाटात ठेवून दिला. तुझ्या आईने खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं, तर बाईसाहेब इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाली, 'खरं बोलणारा माणूस मिळालाय, सोडू नकोस त्याला.' ताईचा शब्द मी कधी मोडलाय? पुढच्या शनिवारी पुन्हा हजर.

मास्तरांनी अभ्यास दिला. एकच माणूस, एकच खोली, दोन महिने. मी ताईची पुस्तकबांधणीची खोली धरली. सकाळी खिडकीतून उजेड तिच्या टेबलावर येतो, वाचनालयाकडून शिवायला आलेल्या फाटक्या पुस्तकांच्या चळतीवर, दोऱ्याच्या रिळांवर. पहिले काही दिवस कॅमेरा दिसला की ती ओळखपत्रासाठी बसल्यासारखा चेहरा करायची. पुढे मला विसरून गेली. मीही धीट झालो, अगदी तिच्या खांद्याशी उभा राहून फोटो काढू लागलो. ती जुन्या पुस्तकांतून निघालेल्या चिठ्ठ्या वाचून दाखवायची, तुझ्या लहानपणीच्या खोड्या सांगायची. फोटो राहिले बाजूला, आम्ही भाऊबहीण इतकं बोललो ते कित्येक वर्षांनी.

चौदा फोटो छापून नेले. मास्तरांनी ते तारखेप्रमाणे ओळीने लावले आणि बराच वेळ बघत राहिले. एकही पालथा घातला नाही. मी मनातून फुलून गेलो होतो. तेवढ्यात ते हळू आवाजात म्हणाले, 'बाईंचा उजवा हात कुठाय?' मी वाकून पाहिलं. पहिल्या चार फोटोंत हातात सुई होती. पुढे तो हात डाव्या हाताखाली, मग पुस्तकाखाली, मग मांडीवर, शेवटच्या तिन्हींत एप्रनच्या खिशात. 'तुम्ही सांगितलं होतं का असं बसायला?' मी नाही म्हटलं. 'मग आज घरी जाऊन विचारा,' ते म्हणाले. त्या दिवशी बाकी काही शिकवलं नाही त्यांनी मला.

विचारलं तर ताई आधी उडवून लावायला लागली. 'तुझ्या मास्तरांना म्हणावं, स्वतःचे हात मोजा.' मी सुई आणि दोरा तिच्यापुढे ठेवला. तीनदा प्रयत्न केला तिने. मग सुई खाली ठेवली आणि तो थरथरणारा हात माझ्या हातात दिला. सहा महिने चाललं होतं हे, ठमे. वाचनालयाला तिने डोळ्यांचं कारण सांगून निम्मी पुस्तकं परत केली होती. वरच्या मजल्यावर राहून, दोन महिने रोज तिचे फोटो काढून, मला पत्ता नाही.

डॉक्टरांकडे नेलं. कंपवात आहे. सुरुवात आहे, गोळ्यांनी पुष्कळ आटोक्यात राहतो म्हणतात, आणि गोळ्या चालू झाल्यात. ताईने माझ्याकडून वचन घेतलंय, तुला कळवायचं नाही. तू मनासारखी नोकरी सोडून धावत येशील ही तिला भीती. आज ती डॉक्टरांकडे तपासणीला गेलीय, मीच सोडून आलो, आणि तिच्याच टेबलाशी बसून तिचा शब्द मोडतोय, जन्मात पहिल्यांदा. रागावली तर रागावू दे, माझं मी बघेन. नोकरी सोडू नकोस. पण फोनवर ती 'मी ठणठणीत' म्हणेल, ते ऐकून थांबूही नकोस. चार दिवसांची रजा काढ आणि ये. मी फोटो काढू शकतो गं, पण तिला तुझ्याजवळच रडता येईल.

वाट बघणारा, तुझाच,
मामा