हिरड्यांवरची निळी रेघ

२१ फेब्रुवारी १९५५, सोमवार

आज दवाखान्यात आणखी तिघी. पोटात पीळ, तोंडाला चव नाही, हिरड्यांवर निळी रेघ! तिघीही भट्टीखात्यातल्या — बॅटऱ्यांसाठी शिसं वितळवतात तिथल्या; तिथला धूर दवाखान्याच्या खिडकीतूनही आत येतो. कंपनीचे डॉक्टर मान वर करतील तर शपथ! "मशेरी लावतात, दुसरं काय? लिहा, नर्सबाई — मशेरी."

नर्सिंग शिकताना हीच रेघ शिशाच्या विषाची खूण म्हणून पाठ केली होती. तसं म्हटलं, तर हसले. "पुस्तकं पुरे झाली!"

२३ फेब्रुवारी, बुधवार

आज ख्रिस्ती लोकांचा राखेचा बुधवार; सालोमी चर्चमधून कपाळावर राख घेऊनच कामावर आली. राजोडी गावची, भट्टीखात्यातली, कंपनीतली माझी एकुलती एक मैत्रीण. तिच्याही हिरड्यांवर रेघ आहे.

"बाय, आजपासनं उपास. ईस्टरपर्यंत मशेरीला हात लावनार नाय. देवाला बोललंय."

मला टाळी वाजवावीशी वाटली! मशेरी सुटूनही रेघ राहिली, तर डॉक्टर काय बोलणार? सालोमीला तसं सांगितलं. हसून म्हणाली, "मंग देवाचं नि तुजं काम एकाच उपासात!"

९ मार्च

रेघ आहे तिथेच. मशेरीवाचून सालोमी चिडचिडी झालीय. आज मलाच चार शब्द सुनावले.

२५ मार्च, शुक्रवार

रेघ गडद झालीय. जेवताना भाकरीचा तुकडा तिच्या बोटांतून सुटला. दोनदा. "हात झोपलाय," म्हणाली. मी म्हटलं, सोड हे काम. "मंग पोरांना तू पोसनार?" भीती वाटते, खूप भीती वाटते.

११ एप्रिल, सोमवार

काल ईस्टर झाला. सालोमीने उपास मोडला नाही. आज तिला डॉक्टरांपुढे उभी केली. उजवा हात मनगटापासून लोंबतोय — पदरसुद्धा सावरता येत नाही!

डॉक्टरांनी एक नजर टाकली. "चोरून लावत असेल."

"डॉक्टर, मी देवाशी खोटं बोलू?" ती म्हणाली. रडले ती मीच. संध्याकाळी कळलं, तिला कामावरून काढून टाकलं. असल्या माणसांच्या हाताखाली काम करायचं!

१३ एप्रिल

सकाळी आरशात ओठ वर करून पाहिला. माझ्याही हिरड्यांवर रेघ! जन्मात कधी मशेरी लावली नाही, भट्टीखात्यात पाऊल टाकलं नाही. तडक डॉक्टरांकडे गेले, दाखवली. त्यांनी ती पाहिली. मग उठले, भट्टीकडची खिडकी घट्ट लावून घेतली. परत खुर्चीत बसून म्हणाले, "मशेरी कधीपासून लावता, मंदाबाई?"