कार्बोरेटर काढल्यानंतर

बाबा, तुमच्या गाडीचा कार्बोरेटर काढला. जुन्या बनियनमध्ये गुंडाळून तो फडताळात, तुमच्या चष्म्याशेजारी ठेवला आहे. तुम्ही असता तर चार दिवस माझ्याशी बोलला नसता, पण आधी ऐकून घ्या. गेल्या दसऱ्याला आईला घेऊन नागपूरला निघाले आणि सेलूच्या अलीकडे गाडी बंद पडली. दीक्षाभूमीला जायचं ते पांढरी साडी नेसून, याच गाडीतून, पुढच्या सीटवर बसून, हा तुमच्या वेळचा नेम आई तुमच्यामागेही सोडायला तयार नाही. निळे झेंडे लावलेल्या गाड्या भराभर पुढे जात होत्या आणि ती बॉनेट उघडून ठेवलेल्या गाडीत बसून होती, उतरेना. शेवटी गाडी दोराने ओढत घरी आणली. घरी आल्यावर म्हणाली, "पुढच्या साली मी असन का नाई, काय मालूम." असं बोलून ती मला कामाला लावते हे मला पक्कं कळतं, तरी मी कामाला लागले.

नागपूर रोडवरच्या मेकॅनिकने कार्बोरेटर उघडून आतलं रबर दाखवलं. भिजवलेल्या खारकेसारखं फुगलं होतं. "ताई, पेट्रोल पहिल्यासारखं नाई राह्यलं. इथेनॉल रायते त्याच्यात, थे जुनं रबर खाते. म्या आज बदलून देईन, सा महिन्यानं पुन्हा थेच होईन." मी पुण्याला भावाला कळवलं, आणि त्याने फ्युएल इंजेक्शनचं खूळ डोक्यात घेतलं. जुन्या गाड्यांना बाहेरून बसवायचे संच मिळतात म्हणे. रोज संध्याकाळी फोनवर मला शिकवणी. कार्बोरेटरमध्ये इंजिन स्वतःच्या ओढीने पेट्रोल घेतं. इथे एक छोटी डबी हवा मोजते, ऊन-थंडी मोजते आणि बेतून फवारा मारते. पंप विजेचा. इंजिन बंद झालं की तुमचा जुना पंपही गप्प बसायचा. या नव्या यंत्रणेत चावी काढून घेतली तरी नळीत दाब धरलेला राहतो. भाऊ हे कौतुकाने सांगत होता, म्हणजे सकाळी गाडी एका फटक्यात सुरू होते. मला ते ऐकून बरं वाटलं नाही. रात्रभर शेडमध्ये काहीतरी दम धरून बसलेलं असणार, असं मनात आलं.

निवड दोन संचांत होती. एकात पंप टाकीच्या आतच बसतो, पण त्यासाठी टाकी नवी घ्यायची, नळ्या सगळ्या नव्या, आणि धक्का बसला तर पंप आपोआप बंद पाडणारं एक बटण. दुसऱ्यात पंप बाहेर, डिकीखाली पट्टीने टांगलेला, आणि टाकी जुनीच. भावाचं मत पहिल्याकडे होतं, मेकॅनिकचंही. मी दुसरा घेतला. भावाला सांगितलं की दसऱ्याच्या आत व्हायला हवं. खरं कारण म्हणजे टाकीच्या तळाशी, पेट्रोल जिथून नळीत उतरतं तिथे, तुम्ही दिलेला कथलाचा डाग आहे. त्या उन्हाळ्यात टाकी गळायला लागली तेव्हा तुम्ही ती उतरवून दोन दिवस पाण्याने भरून ठेवली होती. आम्हा दोघांना घराच्या पार दुसऱ्या बाजूला बसवून अंगणात भर उन्हात तुम्ही तो डाग दिलात. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट, असं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात. पेट्रोल गेलं तरी वास आत बसून राहतो. तुमच्या हाताचं घरात फार काही उरलेलं नाही. टाकी भंगारात द्यायला माझा हात धजला नाही.

मेकॅनिक नाराजीनेच तयार झाला. चार दिवसांपूर्वी काम संपवून चावी माझ्या हातात देताना म्हणाला, "पंप बाहेर हाय, टाकीच्या तोंडाले हादरा बसत राहीन. डाग जुना हाय. जरासा वास आला का मले फोन करजा, दिवस पाहू नका, रात पाहू नका." मी हो म्हटलं. बाबा, मला वास येत नाही. त्या साथीच्या वर्षी ताप आला, चार दिवसांनी उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. लोकांचा महिना-दोन महिन्यांनी परत आला. माझा आला नाही. फोडणी जळली तर मला धुरावरून कळतं, दूध नासलं तर चवीवरूनही नीटसं कळत नाही. सेवाग्रामच्या दवाखान्यात मी कचेरीतच बसते, त्यामुळे तिथे कुणाच्या लक्षात आलं नाही. घरी मी सांगितलं नाही.

का सांगितलं नाही, हे तुमच्याशिवाय कुणाला पटायचं नाही. तुम्हाला आठवतं का तो रविवार? मी शाळकरी होते. तुम्ही शेडमध्ये वर्तमानपत्र पसरून कार्बोरेटर खोलून बसला आहात, शेजारी पेट्रोलची वाटी. आई पुढच्या खोलीत चौरंगावर, बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावते. तुम्ही धावत येता आणि पेटती वात दोन बोटांच्या चिमटीत विझवता. ओरडत नाही. स्वयंपाकघरात जाऊन लोटाभर पाणी आणता, शेडच्या दारात सावकाश ओतता आणि आम्हा सगळ्यांना बघायला लावता. पाणी उंबऱ्याखालच्या फटीतून पुढच्या खोलीत येतं आणि थेट चौरंगाच्या पायाशी जाऊन थांबतं. "पेट्रोलचा वास असाच येते," तुम्ही म्हणता. "दिसत नाई, एवढाच फरक." पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोच्या फाटकावर रोज खिसे उलटे करून आत जाणारा माणूस तुम्ही, तुमच्या घरात दुसरं काय होणार होतं. त्या दिवसापासून आई मेणबत्तीपुढे काडेपेटी घेऊन बसायची. तुम्ही ड्युटीवरून यायचात, शेडच्या दारात उभं राहून एक लांब श्वास घ्यायचात आणि म्हणायचात, "लाव आता." मगच काडी ओढली जायची. शेजारच्या बायकांना तो आपल्या घरचा वंदनेचा प्रकार वाटायचा.

तुम्ही गेल्यावर आई तशीच काडेपेटी घेऊन बसली, आणि मी शेडच्या दारात जाऊन उभी राहिले. तेव्हापासून "लाव" मी म्हणते. भावाला तुमची उंची मिळाली, मला नाक मिळालं, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. ताप आला त्या वर्षानंतरही मी रोज दारात उभी राहते, श्वास घेते, छाती भरेस्तोवर घेते, आणि काहीही न कळता म्हणते, लाव. इतकी वर्षं निभावलं, कारण गाडी कोरडी होती. तुमच्या डागातून एक थेंब कधी आला नव्हता.

गाडी आता झकास सुरू होते, हे सांगायलाच हवं. चावी फिरवली की आधी मागून पंपाची बारीक कुणकुण येते, मग इंजिन लागतं. पहिल्या फेरीला आई पुढे बसून पवनारपर्यंत आली आणि लहान मुलीसारखी हसली. ती कुणकुण मात्र मला आवडली नाही. तुमच्या डागाला कुणीतरी हळूहळू नख लावून बघतंय, असं वाटत राहिलं. मी रोज वाकून डिकीखाली पाहीन असं ठरवलं होतं. पहिल्या दिवशी पाहिलं. नंतर साडी सावरून वाकायचा कंटाळा केला.

आज कामावरून आले. उद्या दसरा. मी चपला काढत असतानाच आईने विचारलं, "लावू का वं?" काडेपेटी तिच्या हातात, काडी बाहेर काढलेली. लाव म्हणायला तोंड उघडलं होतं, पण उद्यासाठी तिची उशी पुढच्या सीटवर ठेवायची राहिली होती. "थांब, उशी ठेवून येते," म्हटलं आणि शेडमध्ये गेले. मागच्या चाकाजवळ पाय सरकला. जमिनीवर ओल होती, फार नाही, हातभर रुंद. तिथून एक बारीक रेघ उंबऱ्याखालच्या फटीकडे गेली होती. तुमच्या लोट्यातलं पाणी गेलं होतं त्याच वाटेने. मी बोट टेकवलं आणि नाकाशी नेलं. काही नाही. पण बोटाला गार लागलं होतं आणि बघता बघता ते कोरडं झालं. पाणी इतक्या लवकर वाळत नाही.

"आई, काडी खाली ठेव," मी म्हटलं. तिने ठेवली, काही न विचारता, जशी तुमच्या शब्दावर ठेवायची. तिला हाताला धरून अंगणात आणलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या. शेजारच्या दोघांना हाक मारून, सिगारेट बाहेर टाकायला लावून, गाडी चावी न लावता ढकलत रस्त्यावर काढली. मेकॅनिकला फोन केला, त्याने टाकी रिकामी करून नेली. हे सगळं झाल्यावर आई खाटेवर बसून शांतपणे म्हणाली, "मले त परवापासूनच वास येऊन राह्यला होता."

मी विचारलं, "मंग बोलली काऊन नाई?"

"तू लाव म्हणत होती ना. तुह्या बापाचं नाक हाय तुले. म्या म्हटलं, आपलाच भास असन. म्हणून लावत गेली."

परवा लावली, बाबा. कालही लावली. दोन्ही संध्याकाळी मी दारात उभी राहून श्वास घेतला होता, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. स्वतःच्या नाकाला खोटं ठरवून तिने दोनदा काडी ओढली. चौरंगापासून ती फट किती लांब आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे.

उद्या नागपूरला बसने जाऊ. तुमची टाकी आता परत बसवायची नाही, एवढं ठरवलं. हे मी तुम्हाला अंगणात बसून लिहिते आहे, आणि लिहून झालं की कार्बोरेटरच्या बनियनमध्ये ठेवणार आहे. आई समोर खाटेवर आहे. आज मी वेळेवर ओळखलं म्हणून ती माझ्यावर खूश आहे, शेजारणीलाही सांगून झालं. काडेपेटी पुन्हा तिच्या हातात आहे. मघापासून ती विचारते आहे, "गेला का वास? लावू का आता?" मी दोनदा थांब म्हटलं. तिला सांगायचं ते तुम्हाला लिहीत बसले आहे, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही. ती अजून माझ्या तोंडाकडे बघते आहे.