पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा

मंठा, २१ ऑक्टोबर २०२४

ती. शरयूताईस,
भालचंद्रचा सा. न. वि. वि.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, हे तुझ्या लेकीने, भावनाने, कळवलं. तिच्याकडे पुण्यात आहेस तोवर तिचं ऐक. ती तुझ्या चित्रकलेच्या वर्गातली विद्यार्थिनी असल्यासारखं तिला दटावू नकोस.

आता एक बातमी. फोनवर सांगितली असती तर तू मध्येच अडवलं असतंस, म्हणून लिहितो. माझ्या नातीचा, स्वराचा, साखरपुडा एक डिसेंबरला अंबडला आपल्या अंगणात ठरलाच आहे. व्याही घर पहिल्यांदाच बघणार आणि समोर ती उघडी, काळवंडलेली भिंत, हे काही मनाला पटेना. म्हणून मंठ्याहून कडूबा मिस्त्रीला घेऊन गेलो आणि पश्चिमेच्या भिंतीला गिलावा करवून घेतला. वर बदामी रंग. पंचावन्न वर्षं राहिलेलं काम आठवड्यात पुरं झालं.

सिमेंट धरावं म्हणून कडूबाने आधी भिंतभर छिन्नीने टाचे मारून बारीक खड्डे पाडले. म्हणाला, की बराबर टोचलीय, आता पन्नास वर्सं गिलावा हलायचा न्हाई. हे घर बांधणारे आपले नाना असते तर खूश झाले असते.

तुझ्या शाबासकीची वाट पाहणारा,
भालचंद्र


अंबड, ९ नोव्हेंबर २०२४

चि. भालचंद्र यास,
शरयूताईचा आशीर्वाद, कारण धाकट्याला तो द्यावाच लागतो.

काल घरी आले. अंगणात पाऊल टाकलं आणि काठी टेकून तिथेच उभी राहिले. मी रागात लिहिते आहे आणि तुझा फोन उचलणार नाही.

अरे, दर रविवारी कुठून कुठून माणसं येतात, ती काय आपल्या घरातली भांडीकुंडी बघायला? नानांनी प्रियदर्शनीबाईंकडून घराचा नकाशा करून घेतला, तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. इथलं ऊन ओळखून त्यांनी पश्चिमेला एकही खिडकी ठेवली नाही, सगळ्या खोल्या अंगणाकडे वळवल्या आणि ती भिंत मुद्दाम उघडी ठेवली. अबुबकर मिस्त्रींनी आंब्याच्या फळ्या उभ्या लावून आत काँक्रीट ओतलं. फळ्या निघाल्या तेव्हा लाकडाच्या रेषा, गाठी, सगळं भिंतीवर उमटलं होतं. ते राहिलेलं काम नव्हतं. तेच काम होतं. देशोदेशीच्या पुस्तकांत फोटो छापून आले ते त्याच भिंतीचे.

पंधरा डिसेंबरला वास्तुकलेचे चाळीस विद्यार्थी यायचे आहेत. त्यांना मी नको म्हणणार नाही. गिलावा काढणार. अबुबकर मिस्त्रींची नात इरम जालन्याला जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, तिला बोलावलं आहे. तू येऊ नकोस.

लोभ आहे तेवढा आहे, वाढव असं आज म्हणवत नाही.
शरयूताई


मंठा, १३ नोव्हेंबर २०२४

ती. शरयूताईस,
अपराधी भालचंद्रचा नमस्कार.

तुझं पत्र चारदा वाचलं. चुकलो म्हणतो, पण माझंही ऐक.

घर झालं तेव्हा तू तेरा वर्षांची, मी नऊचा. नाना वकील, म्हणून शाळेत पोरं रोज विचारायची, की वकिलाचं घर अजून बांधूनच राह्यले का. मधल्या सुट्टीत मी विहिरीमागे जाऊन बसायचो. नानांना विचारलं तर म्हणाले, मोठा झालास की कळेल. तुझा हात चित्रकलेचा, म्हणून तुला त्यांनी समोर बसवून नकाशे दाखवले. मला कुणी काही सांगितलं नाही. मी तेव्हाच ठरवलं होतं, की मोठा झाल्यावर या भिंतीला गिलावा करीन. ताई, मला त्या भिंतीची लाज वाटायची. अजूनही वाटते.

साखरपुड्यासाठी मंठ्यात मंगल कार्यालय बघतो. तुला अंगणात माझं तोंड बघायला नको.

तुझा,
भालचंद्र


अंबड, २३ नोव्हेंबर २०२४

चि. भालचंद्र यास,
शरयूताईचे आशीर्वाद, या वेळी मनापासून.

खालची अर्धी भिंत मोकळी झाली. इरम बोटभर छिन्नीने काम करते. मला आत्या मानते; मी घाई केली की म्हणते, की फुपी, जल्दी केली तर भिंतच हातात येईल. पण कडूबाने काम चोख केलंय. दर चार बोटांवर खड्डा. रेषा आहेत, पण देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारख्या. खड्डे भरले तर ठिगळं दिसतील, आणि पहिली भिंत काही परत यायची न्हाई, असं इरमने मला स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी मी जेवले नाही, रडले.

मग ठरवलं. खड्डे भरायचे नाहीत, आणि रविवारी घर बंदही ठेवायचं नाही. आहे ती भिंत दाखवायची. साखरपुडाही तिच्यासमोरच होईल. स्वराशी बोलले आहे, ती अंगणातच करू म्हणते. कार्यालय रद्द कर.

तुला कुणी सांगितलं नाही, हे खरं. नाना-आई गेले, तेव्हा ती चूक आता माझ्याकडे येते. पण भिंत तू टोचलीस. वरचा भाग शिडीवरचा आहे, माझा गुडघा चढू देत नाही. पत्र मिळताच ये. आणि पंधरा तारखेला त्या मुलांना तूच सांगायचं, काय केलंस आणि का केलंस. विहिरीमागचंसुद्धा.

जेवायला ये, भांडायलाही ये.
शरयूताई


मंठा, १८ डिसेंबर २०२४

ती. शरयूताईस,
भालचंद्रचा शिरसाष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचलो. खांदे अजून दुखतात. साखरपुड्याचा एक दिवस सोडला तर इरमने शिडीवर माझ्याकडून तीन आठवडे काम करून घेतलं आणि एकदाही बरं झालं म्हणाली नाही. तुझीच विद्यार्थिनी शोभते.

त्या मुलांसमोर उभा राहिलो. मी केलं, लाज वाटत होती म्हणून केलं, एवढंच बोललो. कुणी हसलं नाही. एका मुलीने विचारलं, की आता ही भिंत आवडते का. मी म्हणालो, अजून ठाऊक नाही. तू डोळे वटारलेस ते पाहिलं, पण खोटं बोलवेना.

ते सगळे आत गेल्यावर मी एकटाच मागे राहिलो. ताई, त्या घरात मी वाढलो, पण जाणत्या वयात त्या भिंतीला कधी हात लावला नव्हता, शिडीवरही मध्ये छिन्नी असायची. वाट वाकडी करून जायचो. त्या दिवशी तळवा टेकवला. लाकडाची एक गाठ हाताखाली आली, शेजारी माझा खड्डा. बराच वेळ हात काढला नाही.

येत्या रविवारी पहिल्या एसटीने येतो, त्यापुढच्याही रविवारी येईन. खोल्या तू दाखव. भिंत मी दाखवीन.

रागावण्याइतका लोभ कायम असू दे.
तुझा धाकटा,
भालचंद्र