सीडीच्या खणातला चाकू

सिरसाळा, सोमवार, दिवेलागण, १९९९

ओठ फाटलाय, लिहिताना रक्त टपकतंय. काल माझ्याच क्लासातल्या बाळ्यानं स्टँडवर सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. कावून? तर त्याच्या मोटारसायकलीला टेकलो म्हणून. मग आज सकाळी कंप्युटर क्लासात गेलो न गेलो की कंप्युटरच्या डब्यात, सीडी बसवायचा जो खण रिकामा हाय, त्यात चाकू ठेवला. तिथं कोण हात घालतंय?

आप्पा घालतात. क्लास त्यांचाच. सोमवार म्हणून त्यांनी त्याच खणात महादेवाची बारकी पिंड मांडली, बेल वाहिला. चाकू राहिला मागं.

दुपारी बाळ्या आत आला. "काय बे, गाल थंड झाला का?"

मी खणाकडं हात नेला अन् थांबलो. पिंड काढल्याबिगर चाकू निघत न्हाई, आणि मी पारोसा. पारोशानं देवाला हात कसा लावावा? तेवढ्यात त्यानं कीबोर्ड उचलून माझ्या तोंडावर हाणला.

आप्पा म्हणाले, "देवासमोर मारामाऱ्या करता व्हय रे?"

देवामुळं थांबलो, का भ्यालो? भ्यालो नसेन. चाकू अजून पिंडीमागंच हाय. उद्या अंघोळ करूनच क्लासला जाणार.