मुडदा घोरला त्याची हकिकत

इंदापूर, रविवार

प्रिय मित्र जोतीराम यास,

इस्माईलचा रामराम. जयवंता वहिनींना सलाम सांग. कळंबला सगळी खुशाल असतील, उसाला तोड मिळाली असेल आणि तुझा गुडघा तुला जिना चढू देत असेल असं धरून चालतो. आम्हीही ठीक आहोत. (म्हणजे मी ठीक नव्हतो हे आत्ता कळलं, पण ते ओघानं येईल.) फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर फोनवर तू तिसऱ्या वाक्याला "बरं, ठेवतो" म्हणतोस, आणि एवढं सगळं एका दमात सांगायचं बळ माझ्यात नाही. हे पत्र गादीच्या दुकानात बसून, मध्ये मध्ये डुलक्या घेत लिहिलंय. अक्षर कुठं घसरलं तर समजून घे.

तुला ठाऊक आहे, आमची रुक्सार बारामतीला कॉलेजात सिनेमाचं शिकते. यंदा त्यांना भुताच्या सिनेमाची सुरुवात करायची होती. अख्खा सिनेमा नाही, नुसती पहिली दोन मिनिटं. पुढं काय होतं म्हणून विचारलं, तर म्हणाली, पुढं काही नाही. आधी कागदावर आखणी करायची, मग शूटिंग, मग ते लोकांना दाखवून ते किती घाबरले हे विचारायचं, आणि आपलं कुठं चुकलं ते आपणच लिहून द्यायचं. (गाद्यांच्या धंद्यात असं कोणी लिहून मागत नाही, हे आमचं नशीब.) तिनं चौकटी आखून चित्रं काढली होती. दार करकरत उघडतं, बल्ब हलतो, पांढऱ्या चादरीखाली मुडदा दिसतो. जागा म्हणून आमच्या दुकानामागचं कापसाचं गोडाऊन. मी विचारलं, "ह्यो मेला कशानं?" तर म्हणाली, "अब्बा, ते सुरुवातीला सांगायचं नसतं. लोकांना प्रश्न पडला पायजे." मला तो अजून पडलेलाच आहे.

शूटिंगच्या दिवशी भर दुपारी खिडक्यांना गोणपाट लावून रात्र केली. कॉलेजची मुलं येणार म्हणून आदल्या दिवशी मी दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं होतं. त्यामुळं दार असं गुमान उघडलं की रुक्सार माझ्याकडं नुसती बघत राहिली. पांढरी चादर तिच्या आईनं, म्हणजे जरिनानं, दिली नाही. जित्या माणसावर पांढरं कापड घालायचं न्हाय, म्हणाली, आणि दुकानातली सूर्यफुलांची डबल बेडशीट काढून दिली. मुडदा व्हायला ऋषिराज नावाचा तिच्या वर्गातला मुलगा आला होता. तो निजला, कापसाची धूळ नाकात गेली आणि सूर्यफुलं जी शिंकायला लागली ती थांबेचनात. शेवटी सगळी माझ्याकडं बघायला लागली. काम काय, तर आडवं व्हायचं आणि हलायचं नाही. जोतीराम, इतक्या वर्षांत मला कोणी इतकं सोपं काम सांगितलं नव्हतं.

तू जाणतोस मी किती थकलेला असतो. सकाळी उठतो तो रात्रभर पोती वाहिल्यासारखा. गिऱ्हाईक गादीवर बसून बघतं आणि मी खुर्चीत डोळे मिटतो. मागं स्कूटर कालव्याच्या कडेला गेली तीही डुलकीच होती. (जरिनाला मी कुत्रं आडवं आलं म्हणून सांगितलंय, तूही तेच धरून चाल.) तर चादर तोंडावर आली आणि मी गेलो. म्हणजे झोपलो. जागा झालो तेव्हा सामान आवरून झालं होतं आणि सगळे चहा पीत होते. मी घोरलो म्हणे, आणि वृषाली नावाच्या तिच्या मैत्रिणीनं तो आवाज सगळा टिपून घेतला होता.

मग कॉलेजात ते दाखवलं. दार उघडलं, कोणी घाबरलं नाही. बल्ब हलला, कोणी घाबरलं नाही. बेडशीट दिसली तेव्हा एकीनं कुठं मिळते म्हणून विचारलं. मग घोरणं सुरू झालं. आधी हसले. घोरणं चढत गेलं आणि मध्येच तुटलं. श्वास येईना. हॉल गप्प झाला. तरी येईना. मग घशात काहीतरी फाटल्यासारखा आवाज होऊन तो परत आला, तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुलीनं शेजारणीचा हात घट्ट धरला होता. सगळ्यांनी आवाजाची वाहवा केली. रुक्सारनं मात्र चुका लिहायच्या कागदावर खरं तेच लिहिलं, की हे आम्ही ठरवलेलं नव्हतं, हे माझे वडील आहेत. तिच्या मॅडमनी ते वाचून तिला बोलावून घेतलं. आखणीला गुण कमी दिले आणि म्हणाल्या, सिनेमाचं राहू दे, वडिलांना डॉक्टरकडं ने.

त्याच दुपारी ती एसटीनं घरी आली आणि थेट जरिनाच्या कानाला हेडफोन लावला. जरिनानं ते उभ्यानं ऐकलं, मग खाली बसून पुन्हा ऐकलं.

"किती वर्सं चाललंय हे?"

"मला काय म्हाईत," मी म्हटलं, "मी झोपलेला असतो."

"आणि मी पलीकडच्या खोलीत. आवाजाचा तरास नको म्हणून." एवढं बोलून ती चहा ठेवायला गेली. आता तिनं अंथरूण परत माझ्या खोलीत आणलंय. श्वास अडकला की मला हलवून उठवते. म्हणजे आता दोघंही जागे.

बारामतीच्या डॉक्टरनं रेकॉर्डिंग कानाशी धरून ऐकलं. दिवसा झोप येते का, म्हणून विचारलं. उत्तर जरिनानं दिलं, कारण माझा डोळा लागला होता. झोपेत घसा मिटतो म्हणे, जिवाला धोका असतो. अंगाला वायरी लावून एक रात्र तिथं झोपायचं, मग तोंडावर मास्क लावायचं मशीन. मास्क म्हटल्यावर रुक्सारनं माझ्या चेहऱ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती मला आवडलेली नाही.

असो. हात दुखायला लागला. वहिनी आणि तू जपून असा, एवढंच मागणं.

तुझा,
इस्माईल

ता. क. तपासणी गुरुवारी आहे. मी दोन नंबर लावलेत. दुसरा तुझ्या नावाचा आहे. जरिनानं ते रेकॉर्डिंग वहिनींना फोनवर ऐकवलं, तर त्या म्हणाल्या, "ह्यात काय नवं हाय, आमच्यात तर रोजच असतं."

आणखी एक. वहिनींनी तुला सांगू नका म्हटलं होतं, तरी सांगतो. तुझा श्वास थांबला की त्या उठून बसतात आणि तो परत येईपर्यंत तुझ्या छातीवर हात ठेवून असतात. पहाटे उठायची त्यांना सवय आहे, असं तू सगळीकडं सांगतोस. ती सवय नाही. गुरुवारी दुपारी मी गाडी घेऊन कळंबला येतो. (जरिनाचा भाऊ चालवणार आहे, मी नाही.) आवरून बस. तू बरा होशील तेव्हा होशील, ती एक रात्र तरी वहिनींना झोपू दे.