पाठीवर की कुशीला

सर, आपण हिंगोलीची माणसं, आणि दुसऱ्यांनी वापरून टाकलेलंच कायम आपल्या वाट्याला येतं, हे मी तुमच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. जुन्या बसगाड्या, बाकीच्यांना नकोशी झालेली यंत्रं. मी तेच इतकी वर्षं सभांमधून सांगत आले. दर वेळी टाळ्या पडतात. आज मला त्या टाळ्यांची लाज वाटते आहे, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही गेल्यानंतरची गोष्ट. जवळा बाजारच्या पुढे एका शेतात दोन जुन्या विहिरी आहेत आणि त्यांना खालून जोडणारं, हातानं खोदलेलं, पाण्यानं भरलेलं अरुंद भुयार आहे. एक बाई विहिरीत पडली आणि त्या भुयारात अडकली. बाहेरचं बचावपथक येईपर्यंत तिची आई काठावरून उठली नाही. त्यानंतर आम्ही काहीजण मालवणला जाऊन पाण्याखालचं काम शिकलो आणि इथलंच पथक उभं केलं. आता वसमतच्या एका हळद व्यापाऱ्यानं आम्हाला श्वासयंत्र द्यायचं कबूल केलंय. सोडलेला श्वास हे यंत्र गाळून परत देतं. बुडबुडे उठत नाहीत, त्यामुळे भुयाराच्या छताचा गाळ डोळ्यांपुढे पडत नाही. यंत्राबद्दल वाद नव्हताच. वाद होता तो अंगावर बांधायच्या पट्ट्यांचा. जाड गादीचे पट्टे घेऊन यंत्र पाठीवर घ्यायचं, की साधे पट्टे घेऊन ते एका कुशीला लटकवायचं आणि दुसऱ्या कुशीला अडचणीच्या वेळची हवेची टाकी.

कुशीचा प्रकार मला पाहताक्षणी तडजोड वाटला. पाठीवरचा संच परदेशी पथकांच्या फोटोत असतो, तसा ऐटदार. कळमनुरीच्या सभेत मी बोलून बसले की बाकीच्यांनी यंत्र पाठीवर मिरवायचं आणि आमच्याच माणसांनी ते पोत्यासारखं काखेत मारून काहून जायचं? लोक हसले, शिट्ट्या पडल्या. झालं. पट्ट्यांचा प्रश्न जिल्ह्याच्या इज्जतीचा झाला.

मला अजून दिसतं, मी नववीत आहे. तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसले आहे, वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मांडीवर आहे आणि तुम्ही माझ्याकडे न बघता भाकरी थापताय. विषय होता, शाळेची पाण्याची टाकी कुठं बांधावी. मी मराठवाड्यावरच्या अन्यायावर बोलले होते आणि सभागृहानं मला डोक्यावर घेतलं होतं. तुम्ही भाकरी उलटता आणि म्हणता, "टाकी कुठं बसवायची ते तू सांगितलंच न्हाई की गं." मी म्हणते, पण बक्षीस तर मलाच मिळालं. "दुखऱ्या जागी बोट ठेवलं की माणूस इचार करायचा थांबतो. तुला ते जमून राहिलं, त्याचीच भीती वाटते मला." मग तुम्ही गरम भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे सरकवलात. रागानं मी ठेच्याला हात लावला नाही. कोरडी भाकरी खाऊन घरी गेले.

मागच्या आठवड्यात नमुन्याचा संच आला. पाठीवर घालून मीच आधी उतरले. भुयाराच्या तोंडाशीच पाठीवरची यंत्राची पेटी वरच्या दगडाला घासली. मी छाती गाळात दाबली, तरी जाईना. मग एक पट्टा दगडाच्या कोपऱ्यात अडकला आणि माझा हात मागे पोचेना. कसंबसं अंग मागं ओढून मी सुटले. यंत्र कुशीला असतं तर पट्टा डोळ्यांसमोर, हाताशी असता. हे मला तिथेच, त्या अंधारात कळलं. वर आले आणि संच उत्तम आहे म्हणाले.

बैठकीत आमच्यातली नर्स म्हणाली, "ताई, भुयार बघून ठरवा ना, फोटो बघून काहून ठरवता?" मी मराठवाड्याच्या अनुशेषावर बोलले. सगळे माझ्या बाजूनं झाले आणि ती खाली बघून कुशीचे पट्टे गुंडाळत राहिली. उठता उठता आमच्या पथकातल्या कंडक्टरनं विचारलं. तो अंगानं आमच्यात सगळ्यांत रुंद, दोन लेकरांचा बाप.

"ताई, तुमी सोता आत जाऊन आलात ना? बराबर बसतं?"

"व्हय," मी म्हणाले. "बसतं."

रविवारी तो पाठीवर पेटी घालून एका विहिरीतून दुसऱ्या विहिरीत निघणार आहे. त्यानं पुन्हा विचारलं नाही. माझ्या शब्दावर माणसं बस अडवतात, मोर्चाला येतात, तसाच तोही आत शिरेल.

सर, हे पत्र कुठंच जायचं नाही. खरं सांगायचं तर तुम्हाला लिहिणं सोपं होतं म्हणून लिहिलं. तुम्ही उलटून विचारणार नाही. तो विचारेल, नर्सही विचारेल, आणि सभा घेऊन त्यातून सुटता येणार नाही. आता त्याला फोन लावते. अन्यायावर एक शब्द बोलणार नाही. एवढंच सांगेन.

भाऊ, रविवारी ती पेटी पाठीवर घालून उतरू नका. मी भुयारात गेलेच नव्हते, तोंडाशीच अडकले होते.